मुद्रांक शुल्क चार महिने घटलं, तर बिल्डरच्या हाती काय लागतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सरकारने विक्रीवरचा कर काही महिन्यांपुरता कमी केला, तर घरं बांधणाऱ्यांना आणि इतर धंद्यांना खरंच काही मिळतं का, की सगळा जाहिरातीचा खेळ? विचारणाऱ्यांचा स्वतःचा छोटा बांधकाम व्यवसाय आहे. अशी सवलत पुन्हा आली तर तिच्या भरवशावर नवं काम काढावं का, हे त्यांना ठरवायचं आहे.

मी पुण्यात सीए आहे. बिल्डरांचे हिशेब, जीएसटी आणि रेराची (घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याची) प्रमाणपत्रं हे माझं रोजचं काम. उत्तर आधीच देऊन टाकतो: फायदा होतो, पण तो टक्क्यांतून कमी आणि तारखेतून जास्त मिळतो. म्हणून पडून असलेले फ्लॅट विकायला ही सवलत उत्तम, नवी जमीन घ्यायला अजिबात नाही. आता कारणं सांगतो.

आपल्याकडे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण २०२०चं आहे. मुद्रांक शुल्क हा काटेकोर अर्थाने विक्रीकर नव्हे, पण घर घेणाऱ्याच्या दृष्टीने विक्रीवर लागणारा करच तो. २६ ऑगस्ट २०२० रोजी राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला: १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर शुल्कात तीन टक्क्यांची सूट, आणि १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ दोन टक्क्यांची. मुंबईत तेव्हा ५ टक्के शुल्क होतं, ते आधी २ आणि मग ३ टक्के झालं. पुण्यात मूळ दर वेगळा, घट तेवढीच. निर्णय आणि अंमल यांत आठवडासुद्धा गेला नाही, ही त्यातली शहाणपणाची गोष्ट. मध्ये महिनाभर जाऊ दिला असता तर तेवढा काळ एकही गिऱ्हाईक फिरकलं नसतं.

आता तीन टक्क्यांनी एवढी धावपळ का झाली? ८० लाखांच्या फ्लॅटवर तीन टक्के म्हणजे २ लाख ४० हजार. बिल्डर बैठकीत बसून तेवढी सूट एरवीही देतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. बँक घराच्या किमतीवर कर्ज देते, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरत नाही. रिझर्व्ह बँकेचाच तसा नियम आहे, अपवाद फक्त अगदी स्वस्त घरांचा. ८० लाखांच्या तयार फ्लॅटवर ८० टक्के, म्हणजे ६४ लाख कर्ज मिळालं असं धरू. उरलेले १६ लाख स्वतःचे, त्यावर ४ लाख शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी. म्हणजे खिशातून २० लाख ३० हजार काढायचे. शुल्क २ टक्क्यांवर आल्यावर तेच १७ लाख ९० हजार होतात. किमतीच्या हिशेबात तीन टक्के, पण घर घेणाऱ्याला जी रोकड उभी करायची असते तिच्या हिशेबात जवळपास बारा टक्के. मधल्या वर्गाचं घर हप्त्यापेक्षा या रोकडीवर जास्त अडतं. पीएफ काढला, बायकोचं सोनं ठेवलं, सासऱ्यांकडून हातउसने घेतले, तरी दोन लाख कमी पडतात, आणि ते दोन लाख सरकारने सोडले. किमतीवर मिळणारी सूट असा परिणाम करत नाही, कारण किंमत घटली की त्याबरोबर कर्जही घटतं.

बिल्डरच्या बाजूने बघितलं तर गंमत वेगळीच आहे. शुल्क तो भरत नाही, त्यामुळे कागदावर त्याचा एक रुपयाही वाचत नाही. त्याला मिळतो तो नोंदवलेला करारनामा. रेरा कायद्यात किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची तर आधी करार नोंदवावा लागतो. नुसतं बुकिंग करून बसलेलं, 'दिवाळीनंतर बघू' म्हणणारं गिऱ्हाईक हे बिल्डरचं सगळ्यात मोठं दुखणं. टोकन आलेलं असतं, फ्लॅट अडकलेला असतो, आणि डिमांड लेटर, म्हणजे पुढच्या हप्त्याची मागणी, पाठवता येत नाही. ३१ डिसेंबर ही तारीख आली आणि हीच माणसं स्वतःहून फोन करून 'साहेब, रजिस्ट्रेशन कधी लावताय?' विचारू लागली. करार नोंदला, इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) हातात आला, बँकेची फाईल हलली. इमारत सातव्या स्लॅबपर्यंत गेली असेल तर तोवरचे सगळे हप्ते एकदम मागता येतात. जे पैसे वर्षभर थेंबथेंब आले असते, ते दोन महिन्यांत खात्यावर आले.

अर्थात त्यातले ७० टक्के प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात जातात, आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांची प्रमाणपत्रं जोडल्याशिवाय तिथून काढता येत नाहीत. काम जेवढं पुढे गेलं असेल तेवढ्याच प्रमाणात पैसे निघतात. विक्री जोरात आणि काम थंड, असा ज्याचा प्रकल्प होता त्याच्या खात्यात भरपूर पैसे दिसत होते, पण ते त्याला वापरता येत नव्हते. तो जानेवारीत माझ्याकडे येऊन विचारायचा की एवढे पैसे असताना सिमेंटवाल्याचं बिल कसं थकलं! आणि याच्या उलट ज्याच्याकडे भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले तयार फ्लॅट पडून होते, त्याची चांदी झाली. काम पूर्ण, त्यामुळे पैसे काढायला अडचण नाही. तयार घरावर जीएसटी नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला बांधकामाधीन घराचे ५ टक्केही वाचले. शुल्कात सूट, जीएसटी शून्य आणि लगेच ताबा, असं जुळून आलं. मी पाहिलेल्या हिशेबांत त्या हंगामात खरं कर्ज फेडलं ते अशाच बिल्डरांनी.

श्रेय सगळं शुल्काला देऊ नका, हेही सांगायला हवं. मे २०२० मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ४ टक्क्यांवर आला होता, गृहकर्ज सात टक्क्यांच्या खाली मिळत होतं, आणि टाळेबंदीत घरूनच काम करणाऱ्यांना एक खोली जास्त हवी होती. गिऱ्हाईक तयार होतंच. शुल्काच्या सवलतीने त्याला तारीख दिली.

मग सूट नेमकी कुणाच्या खिशात गेली? इथे करारातली एक ओळ सगळं ठरवते. किंमत 'अधिक शासकीय कर' अशी असेल तर कर कमी झाल्याचा फायदा गिऱ्हाइकाचा. किंमत 'सर्व समावेशक' असेल, म्हणजे फ्लॅट, शुल्क, नोंदणी, सगळं मिळून अमुक लाख, तर फायदा बिल्डरचा. गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा हे कळतच नाही, कारण त्याने एकच आकडा ऐकलेला असतो. त्या काळात 'झिरो स्टॅम्प ड्युटी'चे फलक शहरभर लागले होते. बिल्डरांच्या संघटनेनेही ३१ डिसेंबरपर्यंत उरलेलं शुल्क सभासद भरतील असं जाहीर केलं होतं. ऐकायला औदार्य वाटतं. पण ८० लाखांच्या फ्लॅटवर हीच योजना आधी बिल्डरला ४ लाखांना पडली असती, आता १ लाख ६० हजारांना पडली. म्हणजे जाहिरात त्याची आणि तिचा निम्म्याहून जास्त खर्च सरकारी तिजोरीचा.

तेवढीच रक्कम किमतीतून सरळ का कमी करत नाहीत, असं लोक विचारतात. तसं केलं तर गिऱ्हाइकाचा जीएसटीही थोडा वाचेल. पण दर उतरवला की तो इंडेक्स टूवर कायमचा नोंदला जातो. पुढचं गिऱ्हाईक तो कागद काढून आणतं, मागचं गिऱ्हाईक येऊन भांडतं, बँकेचा मूल्यांकन करणारा तोच दर धरतो. शुल्क भरून दिलं तर दरपत्रकाला धक्का लागत नाही. म्हणून मंदीतसुद्धा आपल्याकडे भाव 'पडत' नाहीत, फक्त मॉड्युलर किचन आणि पार्किंग फुकट होतं.

एक ठोकताळा मी वापरतो. माल पडून असेल आणि गिऱ्हाईक दुर्मीळ असेल, तर करातली सूट गिऱ्हाइकाला मिळते, वर बिल्डरचंही थोडं जातं. माल कमी आणि मागणी चढती असेल, तर आधीच्या सवलती गुपचूप बंद होतात आणि सूट बिल्डरकडे राहते. २०२०च्या सप्टेंबरात पहिली स्थिती होती, मार्चपर्यंत चांगल्या भागांत दुसरी आली होती. 'सरकारने एवढं सोडलं, आता मी अजून काय सोडू?' हे वाक्य मी ऐकलं ते मार्चमध्ये, सप्टेंबरमध्ये नव्हे.

जानेवारी २०२१ मध्ये राज्याने आणखी एक सवलत दिली. दीपक पारेख समितीच्या शिफारशीनंतर बांधकाम परवानगीसाठी बिल्डरने भरायचे विविध प्रीमियम (सरकारी आकार) वर्षअखेरीपर्यंत निम्म्यावर आणले, पण अट घातली: ज्याने ही सवलत घेतली त्याने त्या प्रकल्पातल्या गिऱ्हाइकांचं मुद्रांक शुल्क स्वतः भरायचं. सवलत देताना ती पुढे पोचली पाहिजे हे निदान लिहून घेतलं, याबद्दल मला ती योजना शुल्ककपातीपेक्षा नीट बांधलेली वाटली. तिचा मोठा लाभ मुंबईतल्या मोठ्या प्रकल्पांना झाला ही टीकाही खरी आहे. प्रीमियमचा बोजा सगळ्यात जड तिथेच, तेव्हा ते होणारच होतं.

आता तारखेची दुसरी बाजू. डिसेंबर २०२० मध्ये एकट्या मुंबईत १९ हजारांहून जास्त दस्त नोंदले गेले, आदल्या डिसेंबरच्या सुमारे तिप्पट. जानेवारीत आकडा जवळपास निम्मा झाला, मार्चमध्ये पुन्हा उसळला, आणि मे महिन्यात पार खाली गेला. एप्रिल-मेमध्ये दुसरी लाट होती, त्यामुळे सगळा दोष सवलत संपण्याला देता येत नाही. पण जानेवारीत लाट नव्हती. फरक होता तो फक्त एका टक्क्याचा, आणि त्याआधी डिसेंबरने पुढच्या महिन्यांची गिऱ्हाइकं उचलून नेली होती.

एरवी ही घसरण आणखी तीव्र झाली असती. दोन गोष्टींनी ती सौम्य केली. एक म्हणजे सवलत एकदम न संपता तीनवरून दोनवर आली. दुसरी म्हणजे नोंदणी कायद्यातली जुनीच तरतूद: दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी करता येते. ३१ डिसेंबरपर्यंत शुल्क भरून करार सही केला तर नोंदणी एप्रिलअखेरपर्यंत चालत होती, दर डिसेंबरचाच. इंग्लंडमध्ये त्याच काळात घरखरेदीच्या करावर अशीच सुटी होती, पण तिथे व्यवहार पूर्ण होण्याची तारीख धरतात. एकाचं घर विकल्यावर दुसऱ्याचं घेतलं जातं अशी साखळी असते, त्यात एक दुवा अडला की सगळेच मुदतीबाहेर. ३१ मार्चची मुदत शेवटी ३० जूनपर्यंत वाढवावी लागली आणि मग सप्टेंबरअखेरपर्यंत कमी मर्यादेची सवलत ठेवावी लागली. आपल्या चार महिन्यांच्या नियमाने तो त्रास बराच वाचवला.

इतर धंद्यांचं काय? वकील, दस्तलेखक, चॅनेल पार्टनर (फ्लॅट विकून देणारे दलाल), बँकांचे कर्ज एजंट यांना त्याच महिन्यात काम मिळालं. फर्निचरवाले, रंगारी, पडदे, इन्व्हर्टर, सामान हलवणारे यांना मिळालं ते फक्त तयार घरांच्या विक्रीतून. बांधकामाधीन फ्लॅट विकला गेला तर सुताराला काम दोन-तीन वर्षांनी मिळतं, तोवर त्याने सवलतीचं नावही विसरलेलं असतं. आणि सिमेंट-स्टीलच्या व्यापाऱ्याकडे विक्री वाढली म्हणून लगेच मागणी वाढत नाही, काम पुढे सरकलं तर वाढते. उलट २०२०च्या शेवटी स्टीलचे भाव इतके चढले की बिल्डरांच्या संघटना केंद्राकडे तक्रार घेऊन गेल्या. गिऱ्हाइकाशी भाव सप्टेंबरात ठरलेला आणि सळई जानेवारीच्या भावाने घ्यायची, यात ज्यांची इमारत अर्धी होती त्यांचा नफा गेला. घाईघाईत विकलेला माल पुढे बांधून द्यायचा असतो, हे उत्साहात विसरलं जातं.

खऱ्याखुऱ्या विक्रीकरातली तात्पुरती कपात बघायची तर जर्मनी बघा. १ जुलै ते ३१ डिसेंबर २०२० या सहा महिन्यांसाठी तिथे व्हॅट १९वरून १६ टक्के केला, आणि कमी दराचा ७वरून ५. पहिली गोष्ट, 'तीन टक्के स्वस्त' हे गणितच चुकीचं. ११९ची वस्तू ११६ला येते, म्हणजे अडीच टक्के. ज्या धंद्याला कराची वजावट मिळते, म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वळता करता येतो, त्याच्यासाठी खरेदीवर कर १९ असो की १६, शेवटी फरक शून्य. त्याला फक्त बिलिंगची प्रणाली, किमतीची लेबलं आणि चालू करार दोनदा बदलावे लागले. फायदा झाला तो वजावट न मिळणाऱ्यांना: दवाखाने, घरमालक आणि घरं बांधून विकणारे.

हे शेवटचं नाव नीट बघण्यासारखं आहे. जर्मनीत बिल्डरने जमिनीसह विकलेल्या घरावर व्हॅट लागत नाही, त्याऐवजी जमीन-खरेदीचा वेगळा कर लागतो. त्यामुळे बिल्डर ठेकेदाराला जो व्हॅट देतो तो त्याचा खर्चच. दर १६ झाल्यावर त्याचा खर्च घटला, आणि घराची किंमत आधीच्या करारात ठरलेली होती. गिऱ्हाइकाला काही मिळालं नाही, आणि यात बेकायदा काहीच नव्हतं. उलट स्वतःच्या प्लॉटवर घर बांधून घेणाऱ्याच्या बिलात व्हॅट दिसतो. तिथे नियम असा की बिलाची तारीख नाही, काम पूर्ण करून मालकाने स्वीकारल्याची तारीख धरायची. तीन लाख युरोच्या कामात त्याने ९ हजार युरो वाचतात, तेसुद्धा आधीच्या हप्त्यांवर १९ लागले असले तरी संपूर्ण कामावर. मग डिसेंबरात जो तो ठेकेदाराच्या मागे. पण स्वीकाराची सही म्हणजे तिथून पुढे दोष सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. ९ हजारांसाठी गळका बाथरूम स्वीकारायचा की नाही, हा हिशेब ज्याचा त्याने करायचा.

कोणत्या तारखेचा दर धरायचा, हा प्रश्न आपल्याकडे जीएसटी कायद्याचं कलम १४ सोडवतं. पुरवठा, बिल आणि पैसे या तीन घटनांपैकी दोन दर बदलण्याच्या आधी झाल्या असतील तर जुना दर, नंतर झाल्या असतील तर नवा. काम आधी झालं पण बिल आणि पैसे दोन्ही नंतरचे, तर नवा दर. बिल आणि पैसे आधीचे, काम नंतरचं, तर जुना. आपल्या बिल्डरची अवस्था जर्मन बिल्डरसारखीच आहे, कारण एप्रिल २०१९पासून घरांवर ५ टक्के किंवा १ टक्का दर लागतो आणि वजावट नाही. २२ सप्टेंबर २०२५ला सिमेंट २८वरून १८ टक्क्यांवर आलं तेव्हा त्याचा खर्च सरळ कमी झाला. तो पुढे पोचवला का, हे विचारणारी नफेखोरीविरोधी यंत्रणा नव्या तक्रारींसाठी त्याआधीच बंद झाली होती. ही कपात तात्पुरती नाही, म्हणून तिच्यावर अंदाजपत्रक बांधता येतं. फरक तोच आहे.

राज्याच्या तिजोरीबद्दल एकच आकडा पुरे. शुल्क ५वरून २ टक्के केलं तर तेवढंच उत्पन्न यायला अडीचपट किमतीचे व्यवहार व्हावे लागतात. मुंबईत डिसेंबरात दस्तांची संख्या त्याच्या वर गेली, सप्टेंबर ते नोव्हेंबरात नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाकडे येतो. जमीन घेऊन, मंजुरी आणून, रेरा नोंदणी करून पहिला फ्लॅट विकायला काढेपर्यंत वर्ष जातं, सवलत चार-सहा महिन्यांची. गणित जमतच नाही. अशी घोषणा झाली तर त्याच आठवड्यात तयार फ्लॅटांची यादी काढा, ज्यांनी टोकन देऊन ठेवलंय त्यांना लेखी तारीख द्या, आणि मसुदे वकिलाकडून आधीच तपासून ठेवा. शेवटच्या आठवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयात वेळ मिळणार नाही, तेव्हा निदान शुल्काचं चलन आणि सह्या मुदतीत उरका. आलेले पैसे आधी सगळ्यात महाग कर्जात भरा. सवलत संपल्यावरचे तीन महिने विक्री निम्मी धरूनच खेळत्या भांडवलाचा तक्ता करा, सेल्सची माणसं त्या हंगामापुरती वाढवू नका. करारात 'कर बदलल्यास फायदा-तोटा कुणाचा' हे कलम स्वच्छ लिहा, नाहीतर भांडण ताबा देताना होतं.

आणि रेडी रेकनरपेक्षा (शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा) खाली विकण्याचा मोह झाला तर आधी आयकराचं बघा. २०२०-२१ मध्ये दोन कोटींपर्यंतच्या नव्या घरांना रेडी रेकनर आणि विक्रीची किंमत यांतल्या फरकाची मर्यादा १० वरून २० टक्के केली होती, तीही तात्पुरती, १२ नोव्हेंबर २०२० ते ३० जून २०२१. ती मुदत कधीच संपली. १० टक्क्यांच्या मूळ मर्यादेबाहेर गेलात तर न मिळालेल्या पैशांवर आयकर भरावा लागतो.